निशाणी कट्यार

जेल रोडचा फ्लॅट विकताना आत्तेभावाला
एलआयसीच्या जुन्या फायलीत सात कागद सापडले.
तुला आवड आहे, म्हणाला. मला कसली आवड?
तीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या,
त्याची एवढीच खोड उरली:
कुठलाही कागद हाती आला
की आधी उजेडासमोर धरते.

आत काही नव्हतं. जलचिन्ह नाही, तार नाही.
कसरीने खाल्लेली दोन गावं,
आणि आधी ओढलेल्या रेघेला
मागून येऊन लटकलेली मोडी.

पाठकबाई भूमी अभिलेखातून निवृत्त, कॉलेज रोडला असतात.
त्या भिंगातून वाचतात, मी वहीत उतरवते.
रायाजी बिन सुभानजी वाघचौरे.
शिलेदार नव्हे हो, साधा प्यादा,
मूळचा वाईकडचा,
त्र्यंबकाच्या पलीकडे कुठल्याशा चौकीवर नेमलेला.
रोजमुरा पावला नाही. पावसाने दारू भिजली.
मी हसले. बंदुकीची, पाठकबाई म्हणाल्या,
आणि चहा गार झाला तरी वर पाहिलं नाही.

घोंगडी दोन पाठवणे. जोडा एक. आईस दंडवत.
बहुत काय लिहिणे.

अक्षर कारकुनाचं. त्याचं स्वतःचं
फक्त सगळ्यात खाली: निशाणी कट्यार.
चार रेघा, शेवटचीत शाई फुटलेली.
मी तिथे बोट ठेवलं.
खोटं कशाला बोलू, आवडला मला.
थंडी वाजणारा, पगार थकलेला माणूस
कुणाला आवडत नाही?

पाचवं पत्र.
कोळियांचे बंड मोडले. कोळी परागंदा जाहले.
जागा ओस. चाकरीबद्दल वीस बिघे
सरकारांतून करार करून दिल्हे.
पाठकबाई 'ओस'वर अडखळल्या नाहीत.
हा शब्द त्यांनी आयुष्यभर वाचलाय.

सहावं.
विहिरीवर दोर नवा आहे.
नागली उभी होती, कापून घेतली.
सोळा मण जाहली.

थांबा, मी म्हटलं. पुन्हा वाचा.

नागली आपोआप उगवत नाही, रायाजी.
आधी राब भाजावा लागतो, मग रोप,
मग भर पावसात वाकून
एकेक काडी चिखलात खोचावी लागते.
ओस जागेला कंबर नसते.

त्या रात्री झोप आली नाही असं काही झालं नाही.
झोपले. सकाळी दूध तापवलं.
दुधावर साय धरेपर्यंत मात्र
सोळा मण, सोळा मण, एवढंच.

सातव्या पत्राखाली कट्यार नाही.
निशाणी नांगर.
त्याच हाताच्या त्याच चार रेघा,
फक्त पातं जमिनीकडे वळवलेलं.
आणि वर, मजकुरात, बैलाच्या किमतीनंतर:
गोमा कोळीण विहिरीवर येत्ये.
हटकली तरी येत्ये. काय करणे ते लिहिणे.

याचं उत्तर फायलीत नाही.

मग रामकुंडावर गेले, गायधनी गुरुजींकडे.
त्यांनी लाल बासनातून वही काढली,
थुंकी लावून पानं उलटली.
रायाजी सापडला. आईच्या अस्थी घेऊन आला होता,
जमीन मिळून बावीस वर्षं झाल्यावर,
आणि 'राहणार' म्हणून सांगितलं
वाईकडचंच गाव.
पुढच्या पिढीने सांगितलं इथलं.
त्याच्या पुढच्यांना कुणी विचारलंही नाही.

तुमचं लिहू ना, गुरुजी म्हणाले.
लिहा. नाव सांगितलं, नवऱ्याचं, मुलीचं.
आणखी कोणी?
मी म्हटलं, गोमा.
आडनाव?
माहीत नाही.

खाली कुणी बाई स्टीलचा डबा
वाळूने घासत बसली होती.
गुरुजींनी पेनाचं टोपण अर्धवट लावलं,
चष्म्यावरून पाहिलं,
आणि अगदी साध्या आवाजात,
रोज शंभरदा विचारतात तसं, विचारलं,

नातं?